किनाऱ्यावरचे हत्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया हे राज्य पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेले आहे. त्या राज्यातील सॅन फ्रान्सिस्को या प्रसिद्ध शहरापासून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे सुमारे ९० किलोमीटर गेले, म्हणजे भूमीचे एक टोक समुद्रात शिरलेले दिसते. इ. स. १६०३ च्या जानेवारी महिन्यात, ३ तारखेस, सेबास्त्यान विझकाइनो या स्पॅनिश दर्यावर्दीची गलबते या टोकाजवळून चालली होती. वर्ष नुकतेच सुरू झाले होते. म्हणून त्या सफरीवरील धर्मोपदेशकाने या भूशिराला 'आन्यो नुएव्हो' असे नाव दिले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'नवे वर्ष' असा होतो.

योगायोग असा, की आजही नवे वर्ष उगवते त्या सुमारास येथे पाहुण्यांची रीघ लागते. हे पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक प्रकार माणसांचा. ही माणसे मोटारींतून येतात, दोन-तीन घटका थांबतात आणि परत जातात. दुसऱ्या प्रकारचे पाहुणे मात्र हजारो किलोमीटर पोहून, समुद्रातून येतात आणि कित्येक आठवडे वाळूवर मुक्काम करतात. त्यांना हत्ती-सील असे म्हणतात. त्यांना पाहण्यासाठीच माणसे येथवर येतात.

भारताच्या किनाऱ्यावर सील राहत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे हा प्राणी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. सील पाण्यात राहतो, पण तो मासा नव्हे. त्याचे रक्त उष्ण असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि मादी पिल्लांना दूध पाजते. गाय, कुत्रा किंवा मनुष्य यांच्याप्रमाणे तोही सस्तन प्राणी आहे. त्याचे पाय मात्र पोहण्याच्या सोयीसाठी वल्ह्यासारखे चपटे झालेले आहेत. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंडगार पाण्यात हा थर दुलईचे काम करतो आणि उपासाच्या दिवसांत शिदोरीचेही. सीलांच्या अनेक जाती आहेत. त्यांत सर्वांत प्रचंड म्हणजे हत्ती-सील. दक्षिण गोलार्धातील हत्ती-सील व उत्तर पॅसिफिकमधील हत्ती-सील अशा त्यांच्या दोन जाती असून आन्यो नुएव्हो येथे येतात ते उत्तरेकडील होत. पूर्ण वाढलेला नर चार ते पाच मीटर लांब असतो आणि त्याचे वजन दोन हजार किलोग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही अधिक भरते. तीन-चार म्हशी एका तराजूत घातल्या तरच त्याची बरोबरी होईल. त्याचे नाक सोंडेप्रमाणे पुढे लोंबत असते, म्हणून त्याला हत्तीचे नाव मिळाले. मादी नराच्या मानाने पुष्कळच लहान असते व तिला सोंड नसते.

आज आन्यो नुएव्होच्या वाळूवर हे प्राणी निर्धास्त लोळताना दिसतात. परंतु शे-सव्वाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर त्यांपैकी एकही दिसत नव्हता. ते येथून नाहीसे कसे झाले आणि परत कसे आले, ही हकीकत समजली म्हणजे त्यांच्या दर्शनाचे मोल कळते.

एकोणिसाव्या शतकात घरातील दिव्यांना आणि कारखान्यांतील यंत्रांना तेलाची मोठी गरज भासू लागली. त्या काळी हे तेल बहुतांशी देवमाशांच्या चरबीपासून काढीत. देवमाशांच्या शिकारीसाठी निघालेल्या गलबतांना कॅलिफोर्नियाच्या व मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर हत्ती-सीलांचे कळप आढळले. एका मोठ्या नराच्या चरबीपासून सुमारे २०० गॅलन तेल मिळे. देवमाशाची शिकार जिवावर बेतणारी असे. हत्ती-सीलाच्या शिकारीत तसा धोका फारसा नव्हता. पाण्यात चपळ असलेला हा प्राणी जमिनीवर आपले अवाढव्य शरीर कसेबसे पुढे रेटीत असतो. शिवाय विणीच्या दिवसांत तो किनारा सोडीत नाही. शिकारी समुद्राची बाजू अडवीत आणि भाल्यांनी व दंडुक्यांनी कळपच्या कळप मारून टाकीत. चार्ल्स स्कॅमन हा स्वतः देवमाशांची शिकार करणारा कप्तान होता. १८७४ साली या किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांविषयी त्याने लिहिलेल्या ग्रंथात या कत्तलीचे वर्णन आले आहे. पन्नास-साठ वर्षांत कळप इतके विरळ झाले, की शिकारीसाठी गलबत पाठविणेही परवडेनासे झाले.

पुढे तर हा प्राणी पृथ्वीवरून नष्ट झाला असेच सर्वजण समजू लागले. १८९२ साली अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या पदार्थसंग्रहालयासाठी नमुने गोळा करणारी मंडळी मेक्सिकोच्या ग्वादलूप नावाच्या एकाकी बेटावर उतरली. तेथे त्यांना आठ-नऊ हत्ती-सील दिसले. जाती नष्ट होणारच आहे, तर निदान तिचे नमुने तरी संग्रही असावेत, असा विचार करून त्यांनी त्यांतील सात प्राणी मारले. शेवटचे प्राणी समजून त्यांनाच मारावे, हा विचार आज विचित्र वाटतो. परंतु त्या काळच्या विद्वानांना त्यात काही वावगे वाटले नाही.

सुदैवाने ते शेवटचे प्राणी नव्हते. हत्ती-सील वर्षातील बहुतेक काळ खोल समुद्रात घालवितो आणि कळपातील सर्व प्राणी एकाच वेळी किनाऱ्यावर कधीच येत नाहीत. त्या दिवशी जे समुद्रात होते ते वाचले. शिकाऱ्यांचे हात जेथवर पोहोचले नाहीत, तेथे ही जाती जीव धरून राहिली. उरलेल्यांची संख्या फार तर शंभराच्या आत होती. काही शास्त्रज्ञांच्या मते ती विसा-पंचविसांहून अधिक नव्हती. १९११ साली ग्वादलूप बेटावर सव्वाशे प्राणी मोजले गेले. १९२२ साली मेक्सिकोच्या सरकारने ते बेट राखीव म्हणून जाहीर केले व शिकारीस बंदी घातली. पुढे अमेरिकेनेही आपल्या हद्दीत या प्राण्यांना अभय दिले. अभय मिळताच कळप वाढू लागले, आणि जागा अपुरी पडू लागली तसतसे ते एकेक बेट घेत उत्तरेकडे सरकू लागले.

आन्यो नुएव्हो येथे भूशिरासमोर थोड्या अंतरावर एक लहान बेट आहे. पूर्वी त्या बेटावर जहाजांना सावध करणारे दीपगृह होते. १९४८ साली ते बंद झाले, रखवालदार निघून गेले आणि बेट ओस पडले. पण ते फार दिवस ओस राहिले नाही. १९५५ साली तेथे हत्ती-सील दिसले. १९६१ साली बेटावर पहिली पिल्ले जन्मास आली. बेटावर दाटी झाली तेव्हा काही नर समोरच्या मुख्य भूमीवर येऊ लागले, आणि १९७५ साली मुख्य भूमीच्या वाळूवर पहिले पिल्लू जन्मले. आज या जातीची एकूण संख्या दोन लाखांच्या वर गेली आहे. मनुष्याने जवळजवळ पुसून टाकलेली एक जाती, मनुष्याने हात आवरताच, पुन्हा पूर्वीच्या किनाऱ्यांवर नांदू लागली.

आता या भागाला राज्य उद्यानाचा दर्जा आहे. येणाऱ्या मनुष्याचे प्रथम स्वागत होते ते माहितीकेंद्रात. फार पूर्वी येथे दुधदुभत्याचा मोठा व्यवसाय चालत असे. त्या काळातील एका लाकडी कोठाराच्या जुन्या वास्तूतच हे केंद्र थाटलेले आहे. सीलांविषयी आणि या परिसरातील इतर प्राण्यांविषयी माहिती देणारे प्रदर्शन तेथे मांडलेले आहे. ते पाहून मगच बहुतेक लोक पुढे निघतात.

परंतु पुढे निघणे हे कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. १५ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत विणीचा हंगाम असतो. त्या काळात मार्गदर्शकाशिवाय कोणालाही सीलांच्या भागात जाता येत नाही. हे मार्गदर्शक बहुतेक स्वयंसेवक असतात. प्राण्यांच्या सवयींचे शिक्षण घेऊन ते हे काम हौसेने करतात. लहान लहान तुकड्या करून ते लोकांना नेतात आणि परत आणतात. जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरांची ही वाट असून तिला अडीच तास लागतात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर किनाऱ्यावर येऊन आपापली जागा धरीत असतात. तेव्हा हा भाग लोकांना बंदच ठेवतात. इतर महिन्यांत परवाना घेऊन मनुष्याला आपला आपण जाता येते. कुत्र्यांना मात्र बाराही महिने मज्जाव असतो. निघण्यापूर्वी सर्वांना मुख्य नियम सांगितला जातो, तो असा : कोणत्याही सीलापासून किमान २५ फूट दूर राहावे. जागे असो वा निजलेले, नर असो वा इवलेसे पिल्लू, हे अंतर सर्वांना सारखेच.

वाट प्रथम खुरट्या झुडपांतून जाते. समुद्र डाव्या हाताला दिसत असतो आणि वायव्येकडून येणारा गार वारा अंगाला झोंबत असतो. मध्येच एक तळे लागते. या तळ्याच्या परिसरात लाल पायांचे बेडूक आणि सुंदर रंगांचे, पण फार दुर्मिळ झालेले एका जातीचे साप राहतात. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी शेकडो वर्षे या भागात किरोस्ते नावाचे आदिवासी राहत होते. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग अद्यापही वाळूत आढळतात. झुडपे संपली की वाळूच्या टेकड्या सुरू होतात. पाय वाळूत रुतू लागतात, चाल मंदावते. आणि मग प्राणी दिसण्यापूर्वीच त्यांचा आवाज ऐकू येतो.

हा आवाज नराचा असतो. रिकाम्या पिंपावर कोणी थांबून थांबून दांडक्याने ठोके द्यावेत, तसा तो वाटतो. नर मान वर करतो, सोंड तोंडात वळवितो आणि हा गंभीर ध्वनी काढतो. शास्त्रज्ञांना असे आढळून आले आहे, की प्रत्येक नराच्या आवाजाचा ठेका निराळा असतो आणि इतर नर त्यावरून त्याला ओळखतात. ज्याच्याकडून आपण पूर्वी मार खाल्ला, त्याचा आवाज कानी पडताच दुबळा नर मुकाट्याने बाजूला होतो. त्यामुळे पुष्कळसे तंटे केवळ आवाजावरच मिटतात. दोन तुल्यबळ नर समोरासमोर आले, तर मात्र युद्ध जुंपते. दोघेही छाती उंचावून एकमेकांवर आदळतात आणि सुळ्यांनी परस्परांच्या मानेचे लचके तोडतात. वयस्क नराच्या मानेवरील व छातीवरील कातडी अशा लढायांनी जाड व खडबडीत बनते. ती ढालीप्रमाणे त्याचे रक्षण करते. जिंकलेला नर माद्यांच्या कळपाचा स्वामी होतो. ही सत्ता टिकविण्यासाठी त्याला किनारा सोडता येत नाही. म्हणून जवळजवळ तीन महिने तो अन्नावाचून राहतो आणि अंगातील चरबीवर जगतो.

डिसेंबरच्या मध्यापासून माद्या येऊ लागतात. किनाऱ्याला लागल्यावर साधारणपणे आठवड्याच्या आत मादी एका पिल्लाला जन्म देते. पिल्लू काळ्या रंगाचे असून त्याचे वजन सुमारे ३५ किलोग्रॅम असते. जन्मताच आई त्याला हुंगते, हाक मारते आणि पिल्लूही चिरक्या आवाजात ओ देते. शेकडो प्राण्यांच्या गलक्यातून एकमेकांना ओळखण्यासाठी ही पहिली ओळख त्यांना उपयोगी पडते. आईचे दूध अत्यंत सकस असते. त्यात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असू शकतो. गाईच्या दुधात तो शेकडा चारच्या आसपास असतो. हे दूध पिऊन पिल्लू दररोज सुमारे साडेचार किलोग्रॅमने वाढते आणि चार आठवड्यांत त्याचे वजन जन्मवेळेच्या तिप्पट-चौपट होते. आई मात्र या सबंध काळात एक घासही खात नाही. आपल्या अंगचा मेदच ती दुधाच्या रूपाने पिल्लाला देत असते. पिल्लू गरगरीत होत जाते आणि आई खंगत जाते.

चार आठवडे भरले, की आई एके दिवशी समुद्रात निघून जाते ती पुन्हा पिल्लाकडे परतत नाही. तिलाही आता अन्न मिळविलेच पाहिजे. मागे राहिलेल्या पिल्लाला पोहावे कसे, मासे धरावेत कसे, हे शिकविणारे कोणी नसते. अशी पोरकी पिल्ले वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला एकत्र जमतात. दोन-अडीच महिने ती अंगातील चरबीवर जगतात आणि उथळ पाण्यात स्वतःच पोहण्याचा व बुडी मारण्याचा सराव करतात. मग एकेक करून ती अफाट महासागरात शिरतात. अनेक पिल्ले पहिल्याच वर्षी मरतात. काही मोठ्या नरांच्या अंगाखाली चिरडतात. काही वादळी भरतीत वाहून जातात. काहींना बेटाभोवती फिरणारे पांढरे शार्क मासे गिळतात. १९८३ सालच्या हिवाळ्यात मोठी वादळे झाली, तेव्हा या भागातील पुष्कळ पिल्ले लाटांनी ओढून नेली.

टेकडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे सर्व दिसत असते आणि त्यातले पुष्कळसे त्याला चुकीचेही समजते. एखादा सील पंधरा-वीस मिनिटे श्वास घेताना दिसत नाही. तो मेला असावा, असे वाटते. पण तो केवळ झोपलेला असतो. श्वास रोखून धरणे हे या प्राण्याच्या अंगवळणीच पडलेले आहे. एखादीच्या डोळ्यांतून घळघळा अश्रू वाहताना दिसतात. ती रडत नसते. डोळ्यांतील पाणी नाकात वाहून नेणारी नलिका सीलांना नसते, म्हणून ते गालांवर ओघळते. उन्हाळ्यात तर कातडीच्या लक्तरांसह केस गळून पडलेले सील दिसतात. हा रोग नव्हे. दर वर्षी हत्ती-सील जुने केस व वरची कातडी एकदमच टाकून नवी धारण करतो. या कामी त्याला सुमारे महिना लागतो. माद्या व तरुण प्राणी एप्रिल-मेच्या सुमारास, तर मोठे नर जुलै-ऑगस्टमध्ये याकरिता किनाऱ्यावर येतात. आईविना पडलेले पिल्लू पाहून पुष्कळांना त्याची दया येते व त्याला मदत करावीशी वाटते. परंतु जवळ गेलेला मनुष्य त्याला घाबरवितो. घाबरून ते पळू लागले तर जी चरबी त्याला समुद्रात जाईपर्यंत पुरवायची आहे, तीच व्यर्थ खर्ची पडते. आई जवळपास असेल, तर मायलेकरांची ताटातूट होण्याचाही संभव असतो. तेव्हा २५ फुटांचा नियम हा केवळ माणसाला नराच्या दातांपासून वाचविण्यासाठी केलेला नाही. तो पिल्लाला माणसाच्या दयेपासून वाचविण्यासाठीही आहे.

किनाऱ्यावर दिसतो तो मात्र या प्राण्याच्या जीवनाचा अल्पसा भाग होय. त्याचे खरे कर्तृत्व समुद्रात आहे. सान्ता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकापासून येथील हत्ती-सीलांचा अभ्यास करीत आहेत. प्रा. बर्नी लबफ हे त्यांतील अग्रगण्य संशोधक होत. प्राण्यांच्या अंगावर खुणा करून, पुढे लहानशी यंत्रे चिकटवून, ते कोठे जातात व किती खोल बुडतात याची त्यांनी नोंद ठेवली. त्यातून थक्क करणाऱ्या गोष्टी उजेडात आल्या. हे प्राणी वर्षातून दोनदा महासागराची सफर करतात. नर अलास्काच्या किनाऱ्याकडे जातात. माद्या बहुधा उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर भक्ष्य शोधीत हिंडतात. वर्षभरात त्यांचा प्रवास १८ ते २१ हजार किलोमीटरांपर्यंत होतो. या प्रवासात ते रात्रंदिवस एकसारखे बुड्या मारीत असतात. वीस-पंचवीस मिनिटे पाण्याखाली, दोन-तीन मिनिटे वर आणि पुन्हा खाली, असा हा क्रम महिनोन् महिने चालतो. सामान्यतः ते ३०० ते ६०० मीटर खोल जातात. परंतु प्रसंगी दीड किलोमीटरपेक्षाही खोल गेल्याची नोंद आहे.

इतका वेळ श्वासावाचून त्यांचे कसे भागते? मनुष्य छातीत हवा भरून बुडी मारतो. हत्ती-सील उलट बुडी मारण्यापूर्वी श्वास बाहेर सोडतो. त्याला लागणारा प्राणवायू फुप्फुसांत नव्हे, तर रक्तात आणि स्नायूंत साठविलेला असतो. शरीराच्या मानाने त्याच्या अंगात रक्त पुष्कळ असते. खोल पाण्यात त्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात, रक्त मुख्यतः मेंदू व हृदय अशा आवश्यक इंद्रियांना पुरविले जाते आणि प्राणवायूचा साठा काटकसरीने वापरला जातो.

आणि ते झोपतात केव्हा? हे कोडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडले. शास्त्रज्ञांनी काही माद्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी नोंदणारे यंत्र बसविले. तेव्हा असे दिसून आले, की समुद्रात असताना हत्ती-सील दिवसाकाठी सरासरी केवळ दोन तास झोपतो, आणि तेही खोल बुडी मारून. शार्कसारखे शत्रू बहुधा पृष्ठभागाजवळ असतात. म्हणून तो आधी पोहत खोल जातो आणि मग झोपी जातो. गाढ झोपेत त्याचे शरीर उलटे होते आणि झाडावरून गळलेल्या पानाप्रमाणे गिरक्या घेत खाली खाली जाते. वीस मिनिटांच्या आत तो जागा होतो आणि श्वासासाठी वर येतो. तोच प्राणी किनाऱ्यावर आला, की दिवसाचे दहा-दहा तास झोपतो. वाळूवर पसरलेले हे धूड आळशी वाटते. पण समुद्रात महिनोन् महिने राहिलेली झोप ते तेथे भरून काढीत असते. अशी झोप मोडणे म्हणजे श्रमून आलेल्या वाटसरूला मध्यरात्री उठविण्यासारखे आहे.

हत्ती-सीलांची संख्या वाढली, म्हणून त्यांच्यावरील संकट कायमचे टळले असे मात्र नाही. आजचे सर्व उत्तरेकडील हत्ती-सील त्या थोड्याशा वाचलेल्या प्राण्यांचेच वंशज आहेत. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक प्राण्यांचे रक्त तपासण्यात आले. तेव्हा तपासलेल्या प्रथिनांत एका प्राण्यात आणि दुसऱ्यात काहीच फरक आढळला नाही.  हे सारखेपण धोक्याचे असते. ज्या कळपात निरनिराळ्या प्रकृतीचे प्राणी असतात, त्यावर रोगाची साथ आली तरी काही प्राणी तिला पुरून उरतात. सर्वच सारखे असले, तर एका रोगाला सर्वच बळी पडण्याची भीती असते. २०२३ साली अर्जेंटिना देशातील वाल्देस द्वीपकल्पावर पक्ष्यांपासून आलेल्या ज्वराच्या साथीने दक्षिणेकडील हत्ती-सीलांची हजारो पिल्ले दगावली. त्या हंगामात जन्मलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी वाचली. या रोगाचा धोका उत्तरेकडील कळपांनाही आहे. समुद्र तापत चालला आणि त्याची पातळी चढू लागली, तर विणीच्या सपाट किनाऱ्यांवर भरतीचे पाणी अधिक चढेल, हीदेखील चिंता आहेच. शिकाऱ्याने मारलेले प्राणी मोजता येतात. पण त्यांच्याबरोबर त्या जातीच्या अंगचे जे वैविध्य नाहीसे झाले, ते कायद्याने परत आणता येत नाही.

म्हणूनच आन्यो नुएव्होची ही पाच किलोमीटरांची वाट नुसती सहलीची वाट राहत नाही. येथे पिंजरा नाही, गज नाहीत, खंदक नाही. प्राणी मोकळे आहेत. बंधन आहे ते माणसाला. एके काळी याच प्राण्यांजवळ माणूस भाला घेऊन गेला आणि किनारे ओस पडले. पुढे तो संग्रहालयासाठी नमुने घ्यावयास गेला, आणि त्यानेही मृत्यूच नेला. आज तो रिकाम्या हातांनी जातो, ठरलेल्या अंतरावर थांबतो, पाहतो आणि परत फिरतो. या तिसऱ्या प्रकारच्या भेटीने प्राण्यांचे काहीच जात नाही आणि माणसाला मात्र पुष्कळ मिळते. निसर्गावर प्रेम करणे म्हणजे प्रत्येक वेळी त्याला हात लावणे नव्हे. कधी कधी पंचवीस फूट मागे उभे राहण्यातच ते प्रेम अधिक असते.